कडी हातात, रीळ यंत्रावर

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. इस्पितळाच्या तळघरातली एक लांबट, बिनखिडकीची खोली आहे. भिंती पांढऱ्या, दिवे पांढरे, आणि हवा इतकी गार की बाहेर उन्हाळा आहे हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये. कपाटाएवढी यंत्रं रांगेनं उभी आहेत, एकसारखी घुमत. त्यातल्या एकाला काचेचं दार. दारामागे दोन रिळं, एक भरलेलं आणि एक रिकामं, आणि त्या दोघांमध्ये ताणून बसवलेली तपकिरी फीत. मग उजव्या विंगेतून एक ठेंगणी बाई येते. अंगात हातानं विणलेला स्वेटर, पायात रबरी चपला, चष्मा कपाळावर ढकललेला, आणि मनगटात पिवळ्या प्लॅस्टिकची एक रुंद कडी. ती काचेपुढे उभी राहते, कान जरा तिरका करते आणि यंत्राला म्हणते, "हं, बोल."

ही माझी मेव्हणी. घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि केस पिकले तरी ती धाकटीच राहिली. मी उभं आयुष्य रंगमंचावर काढलं. राजे झालो, भिकारी झालो, एकदा तर ऐनवेळी नटी आजारी पडली म्हणून सासूही झालो. टाळ्या पुष्कळ घेतल्या. पण ज्या एका प्रयोगासाठी मी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या, तो त्या तळघरात झाला, आणि प्रेक्षक म्हणून मी आणि एक डॉक्टर असे दोघेच होतो. टाळ्या वाजवायचं तेव्हा सुचलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

माझं लग्न झालं तेव्हा धाकटी दोन वेण्या घालणारी मुलगी होती. माझ्या नाटकाला यायची, पण खुर्चीत बसायची नाही. पहिली घंटा झाली की मागच्या दारानं आत शिरायची, आणि पडद्याची दोरी कुठून कुठे जाते, वाळूची पिशवी कशाला बांधलीय, हे बघत उभी राहायची.

"नाटक बघायला येतेस की दोऱ्या मोजायला?" आमची ही तिला विचारायची.

"ताई, समोरून दिसतं ते भावोजींना दाखवायचं असतं म्हणून. खरं काय चाललंय ते मागूनच कळतं."

पुढे ती शिकली, आणि मोठ्या इस्पितळाच्या संगणक विभागात लागली. रोग्यांच्या तपासण्या, औषधांचे साठे, क्ष-किरणांचे निकाल, सगळं संगणकात साठायचं आणि तिथून रिळांवर उतरायचं. उतरवायची ही. लग्न तिनं केलं नाही. विषय निघाला की म्हणायची, "मला एक घुमणारं आहे तेवढं पुरे." दोन गल्ल्या पलीकडे, एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत ती राहायची. रविवारी जेवायला मात्र आमच्याकडे, आणि जेवताना बोलणं एकच, तिचं टेपचं यंत्र.

एका रविवारी मी तिला विचारलं, "धाकटे, तू दिवसभर त्या डबड्यापुढे बसून नेमकं काय करतेस?"

"योग्य नावानं हाक मारते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आमच्या युनिक्समध्ये, म्हणजे ज्या प्रणालीवर आमचा संगणक चालतो तिच्यात, संगणकाला जोडलेल्या प्रत्येक वस्तूला फाइलसारखं एक नाव असतं, भावोजी. छपाईच्या यंत्राला नाव, कळफलकाला नाव. टेपच्या यंत्राला मात्र डझनभर नावं."

"एकाच यंत्राला डझनभर? चोर आहे की काय?"

"चोर नाही, नवरा आहे." तिनं आमटी वाढून घेतली. "आता तुमचंच बघा. ताई 'अहो' म्हणाली की तुम्ही पिशवी उचलता. दिग्दर्शक 'नटवर्य' म्हणाले की छाती फुगवता. मुलाच्या शाळेतल्या बाई 'पालक' म्हणाल्या की खाली मान घालून उभे राहता. माणूस एकच, पण ज्या नावानं हाक येईल तसा वागतो. यंत्राचंही तसंच. एका नावानं बोलावलं तर फितीवर दाट लिहितं, दुसऱ्या नावानं विरळ. आणि खरी मेख पुढेच आहे. साध्या नावानं बोलावलं, तर दिलेलं काम झाल्याबरोबर रीळ मागे गुंडाळून पार सुरुवातीला जाऊन बसतं. त्याच नावाच्या शेवटी एक 'एन' लावला, तर काम झालं त्याच जागी थांबतं."

"एवढ्याशा अक्षरानं असं काय आकाश कोसळतं?"

"प्रवेश संपला की तुम्ही विंगेत थांबता, म्हणून पुढच्या प्रवेशात येता. प्रत्येक प्रवेश झाल्यावर यंत्रानं तुम्हाला उचलून पहिल्या अंकाच्या पहिल्या वाक्याला नेऊन ठेवलं तर?"

"तर नाटक पुढेच जाणार नाही."

"आणि दुसरा अंक पहिल्याच्या डोक्यावर बसेल," ती म्हणाली. "लोणचं द्या."

आता त्या पिवळ्या कडीबद्दल. प्रत्येक रिळाच्या पाठीला एक गोल खाच असे. त्या खाचेत प्लॅस्टिकची कडी बसवली तरच यंत्र त्या रिळावर लिहायचं. कडी काढली की नुसतं वाचायचं, मग कुणी कितीही हुकूम सोडोत. इतर लोक काढलेल्या कड्या टेबलावर टाकत, खुंटीला अडकवत, कुणी त्यांवर चहाचे पेले ठेवत. धाकटी कडी मनगटात घाली. रीळ यंत्रावर असेपर्यंत ती हातातून उतरायची नाही.

"सोन्याचं काही घाल म्हटलं तर नको म्हणते, आणि हे प्लॅस्टिक बघा कसं मिरवते!" आमची ही म्हणायची.

"टेबलावरची कडी कुणाचीही असते, ताई. हातातली माझी असते."

आता दुसऱ्या पात्राचा प्रवेश. खरं तर त्याचा प्रवेश कुठल्याच नाटकात कधी झाला नाही. तो आमच्या मंडळीचा प्रॉम्प्टर. विंगेच्या कोपऱ्यात एका स्टुलावर बसायचा आणि आमची वाक्यं अडली की हळूच पुढचा शब्द सोडायचा. आम्ही त्याला कुजबुजराव म्हणायचो. मांडीवर नाटकाची प्रत उघडी असायची, पण तो तिच्याकडे बघत नसे, आमच्या ओठांकडे बघत असे. नट अडखळण्याच्या आधी त्याला कळायचं. प्रेक्षकांनी त्याचा आवाज कधी ऐकला नाही, आणि आम्ही त्याच्या आवाजावाचून कधी बोललो नाही.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, उतारवयात हळूहळू आंधळ्या झाल्या. तेव्हापासून कुजबुजरावनं घरातही तोच धंदा चालू केला. "पुढे पायरी. दूध वर येतंय. डावीकडे खुर्ची आहे, कुणी तरी सरकवलीय." वहिनी त्या आवाजाचं बोट धरून घरभर वावरायच्या. आलेल्याला कळायचंही नाही की यांना दिसत नाही.

आणि नेमका त्याच माणसाच्या घशात रोग निघाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

ज्याची बायको बघू शकते तो खुणांनी बोलेल, चिठ्ठीवर लिहील. कुजबुजराव काय करणार होता?

त्या घशाच्या डॉक्टरांनी एक नवी सोय सुरू केली होती. शस्त्रक्रियेआधी रोग्याला रोजच्या वापरातली वाक्यं बोलायला लावायची आणि तो आवाज थेट संगणकात घ्यायचा. मग जखम भरून आली की पाटीएवढ्या एका पेटीत ती वाक्यं भरून द्यायची. पेटीवर बटणं, एकेका बटणाला एकेक वाक्य. बटण दाबलं की माणूस आपल्याच आवाजात बोलणार. संगणकात जागा अपुरी, म्हणून घेतलेला आवाज धाकटीनं रिळावर उतरवायचा आणि संगणकातून पुसायचा, असा रिवाज होता. कुजबुजरावचा आवाज असा रिळावर गेला, आणि दोन दिवसांनी त्याचा घसा कायमचा बंद झाला.

पेटी यायला बरेच महिने लागले. मधल्या काळात तो वहिनींच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचा. वहिनी चिडायच्या. "तुम्ही त्या खोलीत, मी या खोलीत. तळहात काय तिकडे पाठवून देऊ?" एकदा त्यांचा हात उकळत्या किटलीकडे जाताना त्यानं दारातून पाहिलं. धावला, पण पाय आवाजाइतके लवकर पोचत नाहीत. वहिनींची बोटं भाजली. त्यानंतर तो त्यांना चुलीजवळ जाऊ देईना, आणि त्या त्याच्याशी धड बोलेनात. पेटीची वाट दोघंही बघत होती, पण एकमेकांना सांगत नव्हती.

पेटी तयार झाली तेव्हा धाकटी म्हणाली, मीच नेऊन देते, वाटेवरच घर आहे. मला म्हणाली, तुम्हीही चला.

कुजबुजराव दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. वहिनी खिडकीशी. धाकटीनं पेटी टेबलावर ठेवली, कुठल्या बटणाला काय ते त्याला दाखवलं. त्यानं घसा खाकरल्यासारखं केलं, जुनी सवय, आणि पहिलं बटण दाबलं.

"मी आलोय!"

आवाज असा की खिडकीची काच थरथरावी. जाडाभरडा, रस्त्यावरून ओरडल्यासारखा. आयुष्यभर ज्यानं कुजबुजीत संसार केला, त्या माणसाचा तो नव्हता.

वहिनी ताडकन उठल्या. "कोण आलंय हो? दार कुणी उघडलं?"

कुजबुजराव पांढरा पडला. गोंधळून त्यानं दुसरं बटण दाबलं.

"घाबरू नकोस, मीच आहे!" तोच आवाज गरजला.

"मी म्हणजे कोण?" वहिनी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "भावोजी, तुम्ही आहात ना इथे? कोण आहे हा माणूस?"

मी नाटकवाला. रंगमंचावर फजिती झाली तर वेळ मारून न्यायची मला सवय. पण तिथे माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि ज्यानं तो पुरवायचा तो समोर मुका बसला होता. धाकटी पुढे झाली. वहिनींचा हात हातात घेतला.

"वहिनी, घरात परका कुणी नाही. पेटीत दुसऱ्याचा आवाज भरला गेलाय. हा एक ट्रकड्रायव्हर आहे, यांच्यानंतर आवाज दिलेला एकुलता रोगी. चूक माझी आहे."

"मग यांचा आवाज कुठे आहे?"

मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या डोक्यात काहीतरी मागे मागे गुंडाळलं जात होतं, आणि सुरुवातीला पोचल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "खोटं आश्वासन देत नाही."

जिन्यात तिनं मला सगळं सांगितलं. कुजबुजरावच्या जरा आधी जुनं टेपचं यंत्र मोडलं होतं आणि नवं बसवलं होतं. नव्या यंत्राबरोबर नावंही नवी झाली, आणि आवाजांसाठी रीळही कोरं घेतलं गेलं. आवाज उतरवायला तिनं दोन ओळींचा हुकूम कायमचा लिहून ठेवला होता. पहिल्या ओळीत, फितीवर आधी लिहिलेलं जिथे संपतं तिथपर्यंत जा. दुसऱ्या ओळीत, तिथून पुढे लिही. त्या हुकमात तिनं जुनं नाव खोडून नवं घातलं, आणि शेवटचा 'एन' राहिला.

"म्हणजे पहिली ओळ झाली की..." मी म्हणालो.

"यंत्र इमानेइतबारे शेवटापर्यंत गेलं, आणि काम झालं म्हणून तितक्याच इमानानं मागे आलं. मग ड्रायव्हरचा आवाज सुरुवातीपासून लिहिला गेला. यांच्या आवाजाच्या डोक्यावर."

"पण तू तर प्रत्येक वेळी लिहिलेलं ऐकून बघतेस!"

"बघितलं ना. सुरुवातीपासून ऐकलं, तर नुकताच लिहिलेला आवाज स्वच्छ ऐकू आला. सगळं बरोबर वाटलं." ती पायरीवरच बसली. "भावोजी, मी दुसऱ्या कुणाला या हुकमाला हात लावू देत नव्हते. चुकेल म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर इस्पितळात गेलो. डॉक्टर येताच, त्यांनी काही विचारण्याआधी, तिनं सगळं सांगून टाकलं. मी आयुष्यात पुष्कळ कबुल्या पाहिल्या. पण त्या तिसऱ्या अंकातल्या, रडून भेकून, पाय धरून. ही कबुली यंत्राचा बिघाड सांगावा तशी होती.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "नवी नावं कंपनीच्या माणसानं तयार केली होती ना? मग सगळा दोष तुमचाच कसा?"

"नावं त्यांनी दिली. हाक मी मारली," धाकटी म्हणाली. "डॉक्टर, ड्रायव्हर किती वेळ बोलला होता?"

"तो? दिलेली वाक्यं धडाधड म्हणाला आणि उठला."

"आणि आमचे कुजबुजराव?"

डॉक्टर हसले. "ते थांबेचनात! वाक्यं संपली. मी म्हटलं, अजून थोडं बोला, आवाजाचा नमुना चांगला मिळेल. तर ते विचारात पडले. स्वतःचं म्हणून काय बोलावं ते त्यांना सुचेना. मग एकदम एक नाटकच म्हणायला लागले, पहिल्या अंकापासून, सगळ्यांची वाक्यं. मलाही गंमत वाटली, मी चालू ठेवलं."

धाकटीनं चष्मा कपाळावरून खाली ओढला. "म्हणजे यांचा आवाज लांब आहे आणि ड्रायव्हरचा आखूड. आखूड चादरीखालून पाय बाहेर राहिले असतील."

ती यंत्रापाशी गेली. रीळ बसवण्याआधी ते उलटं केलं, पाठीची कडी ओढून काढली आणि मनगटात घातली. आता चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नव्हतं. मग कळफलकापुढे बसली आणि नाव टाइप केलं. एन्टर दाबण्याआधी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचलं. "एन." त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. तिचे सहकारी तिच्या पाठीमागे "एन" म्हणून हसायचे, आणि पुढे पुढे स्वतःही म्हणायला लागले.

रीळ फिरलं. ड्रायव्हरचा आवाज जिथे संपत होता तिथे यंत्र थांबलं. डॉक्टर तिच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे बघत होते. "लिखाण संपल्याच्या दोन खुणा लागोपाठ आल्या म्हणजे टेप संपली, असंच ना?"

"लिहिणारा थांबला, एवढाच त्याचा अर्थ," ती म्हणाली. "फीत कुठे संपलीय? संगणकातले बाकीचे प्रोग्रॅम दोन खुणा दिसल्या की टोपी घालून घरी जातात. आपण खुर्चीत बसून राहायचं."

तिनं यंत्राला खुणांच्या पलीकडे सरकवलं आणि वाचायला सांगितलं. यंत्र अडखळलं, पडद्यावर चुकीची ओळ उमटली. नव्या लिखाणानं जुन्याचा लचका तोडला होता, ती फाटकी कड तिथे होती. साध्या नावानं बोलावलं असतं तर या अडखळण्यासरशी यंत्र रीळ गुंडाळून परत सुरुवातीला गेलं असतं. पण ते तिथेच उभं राहिलं. तिनं त्याला एक पाऊल पुढे ढकललं. पुन्हा वाच. पुन्हा चूक. आणखी एक पाऊल. मी आयुष्यभर पाठांतर केलं, म्हणून सांगतो: वाक्य विसरलेल्या नटाला सावरायची हीच रीत. त्याला मागे नेऊन पहिल्यापासून म्हणायला लावायचं नाही. अडला तिथेच उभा ठेवायचा आणि पुढचा शब्द द्यायचा.

यंत्र चालू लागलं. काचेमागे दोन्ही रिळं संथ फिरायला लागली. धाकटीनं ध्वनिक्षेपकाची कळ फिरवली. आधी नुसती खरखर आली, फडकं फाटल्यासारखी. मग त्यातून, अगदी माझ्या कानाजवळ...

"...दार उघडा. इतक्या वर्षांनी मी परत आलोय..."

ते माझं वाक्य होतं. दुसऱ्या प्रवेशातलं. शेकडो वेळा मी ते रंगमंचावरून गरजलो होतो, आणि शेकडो वेळा त्याआधी विंगेतून ते असं, वाऱ्याच्या झुळकीसारखं, माझ्याकडे आलं होतं. मी बसलो होतो तिथून उठलो. का उठलो ते मला माहीत नाही. प्रवेशाची वेळ झाली असं वाटलं असावं.

"तोच ना?" धाकटीनं विचारलं.

"तोच," मी म्हणालो.

तिनं हातातली कडी चाचपली आणि पहिली गोष्ट केली ती ही, की तो सगळा आवाज दुसऱ्या एका कोऱ्या रिळावरही उतरवून घेतला. मगच पाणी प्यायली.

पण अडचण अजून होती. रोजची वाक्यं ड्रायव्हरच्या आवाजाखाली गाडली गेली होती, ती गेलीच. हातात राहिलं होतं ते नाटक. कुजबुजरावच्या आवाजात राजवाडा होता, कट होता, विरह होता. "चहा झाला का" नव्हतं.

"मग नाटकातलीच वाक्यं निवडू," धाकटी म्हणाली. "भावोजी, तुम्हाला ते पाठ आहे. वहिनींना औषधाची आठवण करायला काय चालेल?"

मी विचार केला. "औषधाचं नाही. खलनायक नायिकेला विष देतो तिथे आहे एक. 'हा पेला रिकामा करा, बाईसाहेब. आपल्याच भल्यासाठी आहे.'"

"घ्या ते."

"अगं, विष आहे ते!"

"पेटीला काय कळतंय?"

त्या दुपारी आम्ही दोघांनी हसून हसून मुरकुंडी वळेपर्यंत वाक्यं निवडली. भुकेसाठी भिकाऱ्याचं, "मायबाप, दोन घास द्या." पायरीसाठी सेनापतीचं, "सावध! पुढे दरी आहे." किटलीसाठी राणीचं, "थांबा! त्या आगीला हात लावू नका." ते ऐकलं तेव्हा धाकटी हसायची थांबली. त्या बटणाला तिनं लाल रंग लावला.

पेटी घेऊन आम्ही परत गेलो. वहिनी या वेळी खिडकीशी नव्हत्या, आतल्या खोलीत होत्या. बाहेर आल्या नाहीत. "आज कुणाला आणलंय? पोलिसाला?" आतूनच म्हणाल्या.

कुजबुजरावनं धाकटीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं बटण दाबलं.

"दार उघडा. इतक्या वर्षांनी मी परत आलोय."

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग वहिनी दारात आल्या, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"पुन्हा दाबा," त्या म्हणाल्या.

त्यानं दाबलं. त्यांनी पुन्हा दाबायला लावलं. मग टेबलापर्यंत चालत आल्या आणि खुर्ची चाचपडली. खुर्ची कुणी तरी सरकवली होती. त्यानं घाईनं दुसरं बटण दाबलं. "सावध! पुढे दरी आहे."

वहिनी हसायला लागल्या. डोळे गळत होते आणि हसत होत्या. "खुर्चीला दरी म्हणतात! अहो, जन्मभर तुमच्या तोंडची वाक्यं दुसऱ्यांनी म्हटली आणि टाळ्या घेतल्या. आता तुमची तुम्ही म्हणा."

मी खाली मान घातली. शाळेतल्या बाईंनी 'पालक' म्हटल्यासारखी.

त्यानंतर कित्येक वर्षं त्या घरात राजवाडा नांदला. सकाळी पेला रिकामा करा, दुपारी मायबाप दोन घास, आणि वहिनी ठसक्यात उत्तर द्यायच्या, "भिकाऱ्या, आधी हात धू!" लाल बटण किती वेळा दाबलं गेलं ते मला ठाऊक नाही. वहिनींची बोटं पुन्हा भाजली नाहीत एवढं ठाऊक आहे.

धाकटीचं कौतुक करायला गेलं की ती विषय बदलायची. चूक सुधारली याबद्दल कसलं कौतुक, म्हणायची. मी मात्र म्हणतो, चुकलेली माणसं मी ढिगानं पाहिली. त्यातली बरीच चुकीपासून पळतात, काही चुकीच्या पायाशी बसून रडतात. चुकीपाशी न हलता उभं राहून तिच्या पलीकडे काय शिल्लक आहे ते बघणारी मी एकच पाहिली.

मग इस्पितळात नवी यंत्रं आली आणि रिळांचं यंत्र भंगारात गेलं. कुजबुजराव गेला, त्याच्या मागोमाग वहिनी गेल्या. ते मूळ रीळ धाकटीनं इस्पितळातून मागून घेतलं आणि आमच्या हिच्याकडे आणून दिलं. "ताई, तुझ्या कपाटात ठेव." आम्ही ठेवलं. स्वतःच्या घरी का ठेवलं नाहीस, हे विचारायचं राहून गेलं.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. आम्ही दोघं रोज जायचो. छापखाना केव्हाच बंद झाला होता, त्यामुळे त्या खोल्या फार शांत वाटायच्या. पिवळी कडी खाटेशेजारच्या खिळ्याला लटकत होती, रंग उडालेली. त्या दुपारी आमची ही तिच्या पायांना तेल चोळत होती. मी कडी खिळ्यावरून काढली, जरा फिरवून पाहिली.

"धाकटे, ही मी नेऊ का? आमच्या कपाटात रिळाशेजारी ठेवतो. जोडी जमेल."

डोळे मिटून पडली होती ती. मला वाटलं, ऐकलं नाही. त्या रिळावर लिहू शकेल असं यंत्र आता शोधूनही सापडणार नाही, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी तिनं डोळे उघडले, माझ्या हातातल्या कडीकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"कडी कुणालाही द्या, भावोजी. फक्त रीळ आणि कडी एका घरात ठेवू नका."